बिनपडद्याच्या डब्यातले ढग

पाच वाजायला अडीच तास उरले होते आणि भिंगरीचं राज्य जायच्या बेतात होतं.

राज्य म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचं एक गाव. वर्गातल्या अकरा मुलींनी मिळून ते गेममध्ये उभं केलं होतं. अठ्ठावीस घरं, एक शाळा (तिला मुद्दामच दार ठेवलं नव्हतं) आणि नदीवरचा हा एवढा लांब पूल! गाव ज्या कॉम्प्युटरवर नांदायचं तो सर्व्हर भिंगरीचा, म्हणून गावची मालकीणही तीच. कुणाला आत घ्यायचं, कुणाला किती झाडं तोडू द्यायची, सगळं तिच्या हातात. वर्गात तोवर तिला कुणी ढुंकून विचारत नव्हतं. आता मधल्या सुट्टीत सगळ्याजणी तिच्यासाठी बाकावर जागा धरून ठेवायच्या.

गेल्या शनिवारी पुलाचं उद्घाटन होतं. बाकीच्या दहाजणी पुलाच्या तोंडाशी ओळीने उभ्या, भिंगरी रिबिनीपाशी, आणि नेमका तोच मुहूर्त साधून तिच्या विंडोजने अपडेट करायला घेतलं. गोल गोल फिरणारे ठिपके आणि खाली ‘कृपया बंद करू नका’. पन्नास मिनिटं! दोष विंडोजला द्यावा, तर बिचाऱ्याने तीन आठवडे रोज विचारलं होतं आणि भिंगरीने रोज ‘नंतर’ दाबलं होतं.

वर्गाची मॉनिटर होती एक. तिला सगळे ‘फौजदार’ म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. तिने ग्रुपवर निकाल दिला, “पुढच्या शनिवारी पाचला पूल उघडला नाही, तर आम्ही सगळ्या ‘ब’ तुकडीच्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवणार.”

म्हणून भिंगरी नाक मुठीत धरून दादाकडे गेली होती.

दादाला कॉलेजात गेल्यापासून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सने झपाटलं होतं. घरात कुणाचं काहीही बिघडो, मिक्सर का असेना, तो म्हणायचा, “लिनक्स टाक.” आईच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काच घासायच्या यंत्राच्या आणि फ्रेमच्या खोक्यांच्या मधोमध एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. दादाने गावासाठी त्यावर लिनक्स चढवलं आणि पडदा, कीबोर्ड, माऊस सगळं काढून टाकलं.

“अगं, सर्व्हरला ही थेरं लागत नाहीत. एक वायर विजेची, एक इंटरनेटची. बाकी मी लॅपटॉपवरून हुकूम सोडणार. आता हा वर्षभर हूं की चूं करणार नाही.”

“आणि माझे मॉड?”

मॉड म्हणजे मूळ खेळाला वरून घातलेले दागिने. भिंगरीकडे एकेचाळीस होते. कशाने गाढवं बोलायची, कशाने घरांना धुराडी फुटायची.

“आण की पेनड्राइव्हवर. सगळे आण.”

तिने गावासकट सगळे आणले. एकही सोडला नाही. दोघेही स्वतःवर भारी खूश होते.

दादाने सर्व्हर सुरू केला. लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी धावत सुटल्या, धावल्या, धावल्या आणि धापकन आडव्या.

“हे तुझ्या विंडोजवरून आलंय ना, म्हणून,” दादा म्हणाला.

“माझ्याकडे मस्त चालत होतं!”

“हो, पाहिलं की शनिवारी.”

भिंगरीने फ्रेमचं खोकं उचललं, पण त्यात आईचा माल होता, म्हणून ते परत ठेवलं.

दादाने फाइलींच्या परवानग्या बदलल्या. आडवा. खेळ ज्यावर चालतो ते जावा नव्याने टाकलं. आडवा. मग तो लिनक्सच मुळापासून टाकू म्हणायला लागला, तेव्हा भिंगरीने त्याच्या मनगटाला धरलं.

“थांब. ही शेवटची ओळ बघ ना. दर वेळी तीच येतेय. पडदा सापडत नाही म्हणतोय.”

“ते असंच बडबडत असतं. लक्ष नाही द्यायचं.”

ग्रुपवर फौजदाराचा मेसेज आला: “चार वीस. सामान बांधू का गं?” खाली सात जणींचे हसरे चेहरे. भिंगरीने फोन उलटा ठेवला. सोमवारी बाकावरची जागा कोण धरणार?

आई एका गिऱ्हाइकासाठी फ्रेम शोधायला आत आली. “काय रे, दुपारपासून दोघं त्या डब्याचं डोकं खाताय?”

“आई, तुला नाही कळायचं,” दादा म्हणाला.

“बरं. त्या डब्याचं काय म्हणणं आहे गं?”

“पडदा सापडत नाही म्हणतोय, आई.”

आईने डब्याला पुढून मागून पाहिलं. “बरोबरच बोलतोय की. कुठाय पडदा?”

“त्याला लागतच नाही!” दोघं एका सुरात म्हणाले.

“मग त्याच्यापुढे असं काय ठेवलंत, जे दाखवायला तो पडदा शोधतोय? मी नाही बाबा आंधळ्याच्या गळ्यात फॅन्सी फ्रेम मारत.” फ्रेम सापडली आणि ती निघूनही गेली.

दादा तोंड उघडणार तोच भिंगरीने बोट वर केलं.

“ढग!”

“काय?”

“माझा ढगांचा मॉड! तो फक्त ढग सुंदर दिसायला आहे. नदीचं सोनेरी पाणी, कोपऱ्यातला छोटा नकाशा, तेही नुसतं बघायलाच! घरी मी खेळायचे त्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर होता, तिथे त्यांना पडदा मिळायचा. इथे कुणाला दाखवतील? हे ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर हवेत, सर्व्हरवर नाही! यात चूक ना माझ्या विंडोजची, ना तुझ्या लिनक्सची. आपणच बावळट!”

दादाने डोकं खाजवलं. ‘आपणच’ त्याला पटलं नव्हतं, पण बोटं चालू लागली होती. तिघांना बाहेर काढलं. उरले अडतीस.

ओळी धावल्या. धावतच राहिल्या. मग शांतपणे थांबल्या आणि खाली उमटलं: तयार.

चार चोपन्न.

“बघितलंस लिनक्स?” दादा छाती फुगवून म्हणाला. भिंगरीने त्याच्या पाठीत प्रेमाने एक धपाटा घातला आणि बाहेरच्या काउंटरवर आपला लॅपटॉप उघडला.

पाचला पुलावर अकराजणी हजर. रिबीन कापली गेली. गाढवं मोठमोठ्याने अभिनंदन करत सुटली आणि एकजण त्या गडबडीत नदीत पडली.

फौजदार पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, तशीच परत आली. मग तिने टाइप केलं:

“ठीक आहे. राहतो इथेच. पण तुझा पूल मधे वाकडा आहे.”

खरंच होता. भिंगरीने तीन ठोकळे उपसले आणि हसत हसत पूल सरळ करायला घेतला.