कंदिलाच्या काचेतली काटकी

रामचंद्र गावकराच्या हापूस कलमाची तांबूस पालवी तीन दिवसांत नाहीशी झाली आणि चौथ्या दिवशी चोर सापडलासुद्धा: गंगू. तिचा गुन्हा एवढाच की घागर घेऊन विहिरीवर जाताना ती म्हणाली होती, "पालवी बघा कशी, नवरीच्या लुगड्यासारखी!" विधवेनं कौतुक केलं म्हणजे दृष्ट लागलीच. हे शास्त्र ज्यांनी रचलं त्यांच्या अकलेची पालवी कुणी खाल्ली, देव जाणे.

गावकर वाडीचा मानकरी. त्यानं ठरवलं, पौर्णिमेला वाडीच्या देवाच्या, राखणदाराच्या पाषाणापुढं गाऱ्हाणं घालायचं आणि गंगूला विहिरीची वाट बंद करायची. दुसरं पाणी खाडीचं, खारट. म्हणजे गंगूनं वाडी सोडून जावं, सरळ अर्थ.

पौर्णिमेला तीन आठवडे होते. गंगू रडत बसली नाही. कलमाखाली जाऊन उभी राहिली. झाड बघायला तोवर एकही शहाणा गेला नव्हता. दातवणासाठी तिनं एक सुकी काटकी धरली, तर काटकी बोटांत वळवळली.

"गे बाये माझे!"

तिथं अशा कितीतरी काटक्या होत्या. मागच्या पायांनी फांदी धरून ताठ, तिरक्या उभ्या. डोक्याला कोंबासारखी दोन टोकं. दोन काटक्या गंगूनं घरी आणल्या, कंदिलाच्या काचेत घातल्या आणि दोन्ही तोंडांना फडकं बांधलं.

शेजारची सावित्री डोकावली. "काय गो, काटक्यांका रांदून घालतंस?"

"कोवळा पान होया तेंका! जून दिलंय तर तोंड फिरयतत, फणसाचा दिलंय तर हुंगूक नाय. गावकाराच्या घराण्यातलेच दिसतत."

"सुरवंट मगे!"

"सुरवंटाक केस असतत. हेका एक नाय. पुढे पायांच्यो तीन जोड्यो, मागे दोन, मधी पोट मोकळा. म्हणान असो कुबड काढून चलता."

एका काटकीनं पान दुमडून त्यात मुक्काम ठोकला. नवव्या दिवशी त्यातून पाखरू निघालं: ओल्या शेवाळासारखं हिरवं, अंगावर पांढऱ्या बारीक रेषा. फुलपाखरासारखे पंख मिटून उभं राहीना. चारही पंख पसरून काचेला चिकटलं, जसं पानच.

गंगू एकटीच खो खो हसली. असलंच पाखरू गेल्या सोमवारी पाषाणावर बसलं होतं आणि गावकरानं "देवाचा पान इला!" म्हणून त्याला कुंकू वाहिलं होतं.

दुसरी काटकी आळशी. ती काटकीच राहिली.

पौर्णिमेच्या सकाळी वाडी जमली. गावकरानं ओंजळीत नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. ही वाडी कशालाही व्हय म्हणते.

"माझ्या कलमाक जे बायलेची नदर लागली..."

"व्हय म्हाराजा!"

"थांबा गावकारानू," म्हणत गंगू कंदिलाची काच घेऊन पुढं आली. "पयलो चोर बघा." आणि तिनं नारळावर काटकी ठेवली.

"काटकी दाखयतंस माका?"

काटकीनं कुबड काढलं आणि वीत वीत मोजत निघाली. नारळावरून बोटावर, बोटावरून मनगटावर. नारळ खाली, गावकर वर!

"काढ गो, काढ! सदऱ्याचा माप घेता मेलो!"

"शिंपी नाय तो. तुमची पालवी खाणारो."

तिनं काचेचं दुसरं फडकं सोडलं. हिरवं पाखरू उडून पाषाणावर सपाट बसलं. गावकराचे हात सवयीनं जुळले. "देवाचा पान!"

"ताच ता," गंगू म्हणाली, आणि दुमडलेल्या पानातलं रिकामं कवच तिनं त्याच्या नाकाशी धरलं. "काटकी मोठी झाली की ह्या होता. जात एकच. काटकी चोर, तर पाखरू देव कसा? आणि पाखरू देव, तर मी चोर कशी?"

सावित्री पहिली हसली. मग कुणाला आवरेना.

पण सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धं टाकायचं नसतं, आणि गावकर बाहीवरून काटकी झटकण्यात गुंतलेला. गंगूनं पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा!"

सवय ती सवय. "व्हय म्हाराजा!"

"हिरीची वाट होती तशीच ऱ्हांवदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि झाड न बघता जेनी माझा नाव घेतला, तेंच्या जिभेर ही काटकी सात दीस चलांदे!"

"व्हय म्हा..."

अर्धी वाडी मध्येच अडखळली. अर्धीचं म्हणून झालं होतं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज गावकराचा.

गंगूनं घागर उचलली आणि ती विहिरीच्या वाटेला लागली.