धुतलेलं टेबल

लातूर जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांमागं आमच्यासारख्यांची क्वार्टरं आली. पाणी तेवढं आलं न्हाई. मी कचेरीत टायपिस्ट. शेजारी हेडक्लार्क दत्तोपंत आणि त्यांच्या कुसुमकाकू. भिंतीला भिंत लागून, पण काकूंनी आमच्याकडं कधी घोटभर चहा घेतला न्हाई. आज चतुर्थी, उद्या पित्त. पित्त तरी किती खवळावं माणसाचं!

माझे वडील ज्ञानोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, निजामाच्या काळात नांदेडला एका इंग्रज इंजिनियराकडं खानसामा होते. त्या साहेबानं आपल्या मुलखाच्या पद्धतीचं जेवायचं टेबल इथल्याच सुतारांकडून करून घेतलेलं. अस्सल सागवान. नक्षी न्हाई, चकचकीत पॉलिश न्हाई, नुसतं मेण घासलेलं. जोडसुद्धा लपवलेले न्हाईत, लाकडी खुंट्या उघड्या दिसतात. जाताना साहेबानं ते खुर्च्यांसकट आबांना दिलं. त्या टेबलाशी आबांनी उभं राहून उमर घालवली. आता त्यांची एकच हौस उरलेली: परकं कुणी आपणहून इथं बसावं आणि आपल्या घरचे चार घास खावेत.

एका वर्षी दुष्काळ पडला, आणि त्यातच दत्तोपंतांकडं मुंबईचे साहेब जेवायला यायचे ठरले. लगेच काकू दारात.

"पंचशीला, तुमचं टेबल दे गं खुर्च्यांसकट दोन दिवस. काय देखणं आहे!"

आबा हरखले. फडकं घेऊन मेण घासायलाच बसले. घासता घासता विचारलं, "आमीबी यायचं का जेवायला?"

"अहो आबा, तुम्ही काय परके आहात का? पण टँकर नाही, घरात पाणी नाही. अगदी मोजकीच माणसं सांगितलीत."

"खरं हाय," आबा म्हणाले. "टंचाईच लई."

दोन दिवसांनी कचेरीचा शिपाई व्यंकटी खुर्च्यांसकट टेबल परत घेऊन आला. वर पांढरे डाग पडलेले. कुणी पाणी सांडलं असंल, असं आबाच म्हणाले. मग त्यांनी ते आडवं केलं. खालूनही तेच. पाय, खुर्च्यांचे तळ, सगळं डागाळलेलं, खुंट्या फुगलेल्या.

"व्यंकटी, पाणी सांडलं तर वरून सांडंल. पोटाखाली कसं सांडंल रे?"

व्यंकटी मान वर करंना. "आबा, नेल्या नेल्या अंगणात उलथं घालून धुतलं. घागरीवर घागर ओतत होत्या काकू. मी काय बोलणार?"

शी! माणसाला पाजायला पाणी न्हाई, आणि आमचा वास काढायला घागरी! त्यावरच पुरणपोळी वाढली असंल, आणि साहेबांसमोर मिरवलंही असंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू रिकामी घागर घेऊन हजर. आबा थेंब थेंब साठवतात, आमचं पिंप भरलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"घागरभर दे गं. भांड्यांना हवंय, प्यायला नको."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण आबा उठले. जुन्या सवयीनं खुर्ची मागं ओढली. पेला फडक्यानं पुसून भरला आणि टेबलावर ठेवला.

"बसा. हे घोटभर प्या आन् घागर भरून न्या. दोन न्या पायजे तर."

काकूंनी पेल्याकडं पाहिलं, घागर कमरेवरून या बाजूची त्या बाजूला घेतली.

"आज माझी निर्जळी एकादशी हो."

"व्हय का?" मी म्हणाले. "आणि आमच्या टेबलाला पाजलंत ते, काकू? त्याची एकादशी नव्हती?"

काकू तशाच वळल्या. रिकामी घागर घेऊन त्या गेल्या. तहानेनं मेल्या असत्या पण बसल्या नसत्या.

आबा ओढलेल्या खुर्चीत स्वतःच बसले. पेला उचलला, थेंबही सांडू दिला न्हाई. सगळं पाणी पिले. मी मेणाचा डबा आणून पुढं ठेवला.

त्यांनी तो बाजूला सारला.

"आता न्हाई घासायचं," म्हणाले. "आन् परत कुणाला बसा म्हणून म्हणायचा न्हाई मी."