दहा मिनिटांचं तारू

रेव्हरंड टॉलिव्हर गेन्स यांचं प्रवचन लांबतं, हे अलाबामातल्या त्या लाल मातीच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सहा दिवस लाकडाच्या गिरणीत करवत चालवायची आणि रविवारी देवाच्या घरात उभं राहायचं, असा त्यांचा नेम. महापुरातून प्राणी वाचवणाऱ्या नोहाचं आख्यान लावलं, की एकेक प्राणी जणू हाताला धरून तारवात चढवायचे. बायको, आर्झेला, तोंडावर म्हणायची, "रेव्हरंड, तुमचा जिराफ चढेपर्यंत घरी माझी कोंबडी करपते."

गळा मात्र देवानंच घडवलेला. बोलता बोलता सूर लागायचा, आणि मग प्रत्येक ओळीनंतर ते अर्धा श्वास थांबायचे. त्या थांब्यात मंडळींनी उत्तर द्यायचं, ही तिथली रीत. त्या वेळी उपदेशकाला एकटं सोडणं म्हणजे पाहुण्याला दारात ताटकळत ठेवणं. मंडळी पेंगायची, पण पहिल्या बाकावरची त्यांची लेक कोरिंथिया कधी चुकली नाही. पाच वर्षांची असल्यापासून तिची झील ठरलेली, "सांगा, पापा!"

आता सतरा वर्षांची कोरिंथिया इस्पितळात, पोलिओच्या वॉर्डात, श्वास चालवणाऱ्या पोलादी पिंपात पडून होती. डोकं तेवढं बाहेर. पिंपाखालचा भाता फुसफुसायचा आणि त्याच्या तालावर तिची छाती वरखाली व्हायची. ताप आला तो ऑगस्टमध्ये, आणि आता १९५३चा फेब्रुवारी सरत आला होता. पोलिओची लस अजून दोन वर्षं लांब होती. तोवर माणसाच्या हातात होतं ते हे पिंप, आणि प्रार्थना.

रोज सिस्टर पेटवे यंत्र थांबवायच्या आणि तिला स्वतःच्या छातीनं श्वास घ्यायला लावायच्या. गाडी दोन मिनिटांच्या पुढे सरकत नव्हती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारपर्यंत दहा मिनिटं जमली तर इथेच ठेवू, हळूहळू बाहेर काढू. नाहीतर चारशे मैलांवरच्या मोठ्या केंद्रात पाठवावं लागेल." चारशे मैल! गेन्स नवराबायकोला वर्षातून एकदा जाणं झालं असतं तरी पुष्कळ.

रविवारी दुपारी चर्च उरकून दोघं आले, तेव्हा सिस्टर दारातच भेटल्या.

"पोरीच्या छातीत बळ आहे, रेव्हरंड. पण मी सेकंद मोजायला लागले, की तिचं अवसानच जातं. आणि न मोजून मला चालत नाही."

कोरिंथियानं डोक्यावरच्या आरशात दोघांना पाहिलं. भाता हवा सोडेल तेव्हाच तिला बोलता यायचं.

"आज... कशावर... सांगितलंत?"

"नोहावर, बाळ."

"जिराफ... चढला?"

"तो चढला आणि मंडळी उतरली," आर्झेला म्हणाली, आणि लेकीच्या कपाळावरून हात फिरवला.

सिस्टरनी खटका बंद केला, पिंप उघडलं. भाता गप्प झाला. "एक, दोन, तीन..." चाळिसाला पोरीचे ओठ आवळले, पन्नासाला डोळे गरगरले.

रेव्हरंडना ते बघवेना. "सिस्टर, घड्याळ बघा, पण तोंडानं मोजू नका. मोजायचं काम माझ्याकडे द्या."

"तुम्ही कसं मोजणार?"

त्यांनी टोपी काढली. हळूच सूर धरला, "प्रभूनं नोहाला हाक मारली..." आणि अर्धा श्वास थांबले.

बारा वर्षांची सवय. कोरिंथियाच्या तोंडून आपसूक निघालं, "सांगा, पापा."

"म्हणाला, नोहा, लाकूड तोड..."

"सांगा, पापा."

आणि उत्तर द्यायचं तर आधी श्वास घ्यायलाच हवा. ती घेत होती. उथळ, तोकडा, पण स्वतःचा. फळ्या ठोकल्या गेल्या, डांबर लागलं, सिंह चढले, हत्ती चढले, मेंढरं चढली. आजूबाजूच्या पिंपांबाहेरची डोकी आरशात बघत ऐकत होती. रेव्हरंडना घाम फुटला होता.

"आणि मग आले हत्ती, जोडीनं..."

"हत्ती मघाशीच... चढले, पापा!"

वॉर्ड हसला. कोरिंथियाही हसली, आणि हसण्यात होती नव्हती ती हवा सांडून गेली. तोंड उघडं, छाती जागच्या जागी. सिस्टरचा हात खटक्याकडे गेला. पोरीनं डोळ्यांनी 'नको' म्हटलं. तो अर्धा श्वास रिकामाच लोंबकळत राहिला.

"सांगा, रेव्हरंड."

मागून आवाज आला. आर्झेलाचा. वीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या प्रवचनाला एकदाही झील दिली नव्हती.

त्यांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं सुचलं नसतं. "प्रभूनं... स्वतःच्या हातानं... दार लावलं..."

"सांगा, रेव्हरंड."

"आतल्या कुणालाही विसरला नाही..."

या वेळी दोन आवाज आले. एक खणखणीत, एक पिसासारखा. मग आर्झेला मुद्दाम गप्प राहिली, आणि पिसासारखा तेवढा उरला. आभाळ भरून आलं, पहिले थेंब पडले, तारू जमिनीवरून उचललं गेलं.

सिस्टरनी पिंप मिटून खटका लावला. भाता पुन्हा फुसफुसला.

"अकरा मिनिटं चाळीस सेकंद," त्या म्हणाल्या. कागदावर लिहिताना त्यांना पेन्सिल धड दिसेना.

"थांबा, अजून पाणी ओसरायचंय," रेव्हरंड सुरातच म्हणाले.

"पुढच्या... रविवारी, पापा," आरशातून लेक म्हणाली. "मी... इथेच... आहे."

रेव्हरंड खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंडावर टोपी धरली. बराच वेळ त्यांनी ती काढली नाही. आर्झेलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा आता," ती म्हणाली. "आणि पुढच्या खेपेला हत्ती तेवढे मोजून आणा."