माझ्या तोंडावरचा खोटा चार

मित्रांनो, माझे सारे शरीर तुमच्या मुठीत मावेल. मी एक जुना, पितळी अंगाचा काउंटर आहे. डोक्यावरची कळ अंगठ्याने दाबली की 'टिक्' असा आवाज होतो आणि माझ्या काचेमागचा आकडा एकाने वाढतो. बाजूची फिरकी फिरवली की मी शून्यावर येतो. एवढीच माझी विद्या. परंतु आजवर मी स्वतःहून एकही आकडा वाढवला नाही, की गिळला नाही. हे आरंभीच सांगतो, कारण माझ्यावर आलेला आळ नेमका याच्या उलट आहे.

माझी उमेदीची वर्षे भिलाईतल्या एका गोदामात, धोंडबांच्या हातात गेली. पोते आत गेले की टिक्. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला आपल्या सुनेच्या, सुनिताच्या, हाती दिले. सेक्टर ६ मधल्या एका लहानशा केंद्रात ती विशेष मुलांना शिकवत असे. पोती मोजणाऱ्याचे मुलांत काय काम, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले होते.

तेथे गुंजन येई. सात वर्षांची ही मुलगी बोलत नसे आणि मध्येच स्वतःच्या कपाळावर हाताने मारून घेई. तिची आई रुक्मा सांगे, "लय मारते जी." सुनिताचे म्हणणे असे, की 'लय' हे माप नव्हे. कालचे 'लय' आणि आजचे 'लय' यांत फरक कोण सांगणार? आणि तो सांगता येत नसेल, तर उपाय लागू पडला हे कशावरून ठरवणार? म्हणून तिने आधी नियम बांधला: आवाज होईल इतक्या जोराने हात कपाळावर बसला, तर एक, केस सारायला हात गेला, तर काही नाही. वेळ रोज तीच, अवधी तेवढाच. समोरच्या कोपऱ्यात तिचा सहकारी अमरदीप कागदावर रेघा ओढत वेगळे मोजी. एकट्या डोळ्यावर विसंबून लेकराचे भवितव्य ठरवू नये, हा त्यातला विचार.

"ताई, माझे अकरा आले. तुमचे?"

"तेरा. दोन कुठं खाल्ले तू?"

"चाय आली ना ताई, उधर ही नजर गेली."

"तुझी चाय पाहून लेकरू मारणं थांबवते का रे? ठेव तो कागद. उद्या फिरून बसू." मग ती मला उचलून म्हणाली, "जे झालं ते दाबाचं. नाही झालं ते नाही दाबाचं. आपल्या मनाले काय वाटते, ते याले सांगाचं नाही."

मित्रांनो, त्या वाक्यावर मी माझे आयुष्य ओवाळून टाकले.

मोजता मोजता कळले, की समोरचे काम लांबले की गुंजनचा हात कपाळाकडे जातो. तिला 'पुरे' म्हणायचे होते, आणि शब्द नव्हता. सुनिताने तिला एक लाल कार्ड दिले. कार्ड दाखवले की काम थांबे आणि झोपाळा मिळे. आकडा उतरू लागला. हळूहळू, पण खरोखर. लहान होत जाण्यात अभिमान वाटावा, असे काम मला प्रथमच लाभले होते.

तेवढ्यात एका शाळेने गुंजनला घेण्याची तयारी दाखवली. त्यांनी ताजा आकडा मागितला. तो मोठा असेल, तर तिच्याजवळ एक मदतनीस बसवणार होते. त्या सकाळी रुक्मा आली आणि सुनिताचा हात धरून बसली.

"ताई, आज थोडं कमी दाबा ना जी."

"अवो बाई, मदतनीस द्यासाठीच तर मागून राहिले ते."

"देतो म्हणतेत, देत नाही. पयल्या शाळेनंही असंच म्हटलं, अन् गेटवरूनच वापस पाठवलं. मले भेव वाटते. पोरीचं आयुष्य हाय ताई."

 सुनिताने अमरदीपला कसलेसे सामान आणायला जवळच्या कुम्हारी गावाला धाडले. दुसरा डोळा गेला, तेव्हाच माझ्या पोटातली चाके थंड पडली.

गुंजन बसली. कपाळावर हात बसला, टिक्. पुन्हा बसला, अंगठा माझ्यावर टेकला, पण दाबला नाही. त्याचा घाम मला जाणवत होता. मी ओरडू शकत नव्हतो. माझा आवाज तिच्याच अंगठ्यात होता. कपाळावरचे आवाज होत राहिले आणि मी मुका राहिलो. शेवटी माझ्या तोंडावर उरला चार.

शाळेने चार पाहिला आणि मदतनीस दिला नाही. सुनिताने मला पर्सच्या तळाशी टाकले. त्यानंतर मोजायला हातात घेतले नाही.

काही आठवड्यांनी रुक्मा आली. गुंजनच्या कपाळाला पट्टी होती.

"शाळेत लाल कार्ड दाखवत होती म्हणे," रुक्मा म्हणाली. "बाईले वाटलं, खेळून राहिली. मंग पोरीनं बाकावरच डोकं..."  शाळेने आता गुंजनला घरीच ठेवायला सांगितले होते.

अमरदीप चक्रावला. "पण ताई, चार कसे आले होते? आदल्या दिवशी तर कितीतरी जास्त होते."

सुनिताने पर्समधून मला काढले. माझ्याकडे पाहिले नाही. "काउंटर जुना झाला ना," ती म्हणाली. "अटकून राहिला असंन."

रुक्माने मान खाली घातली. दोघींनाही ठाऊक होते. तपासून पाहायला अमरदीपने हात पुढे केला. त्याआधीच सुनिताने मला टेबलाच्या खणात टाकले होते.

मित्रांनो, कोणी म्हणेल, हे मायेपोटी झाले. मी ते मान्य करतो. आणि तरीही विचारतो, त्या मायेचा घाव कोणाच्या कपाळी बसला? गुंजनचा प्रत्येक तडाखा म्हणजे तिचे एक वाक्य होते. तिचे सांगणे अर्धे ऐकून 'आता बरी आहे' असे जगाला कळवण्याचा अधिकार तिच्या आईलाही नव्हता आणि माझ्या सुनितालाही नव्हता. मोठा आकडा ही नालस्ती नसते, ती मदतीची हाक असते.

आता गुंजन पुन्हा केंद्रात येते. अमरदीप मोबाइलवर मोजतो. खणाच्या फटीतून मला तो आवाज ऐकू येतो, कपाळावरचा, आणि माझी कळ नुसतीच ताठ उभी राहते.

तुमच्यापैकी कोणी कधी हा खण उघडलाच, तर माझी धूळ पुसू नका, मला कामालाही लावू नका. आधी माझी फिरकी फिरवा. अजूनही माझ्या तोंडावर तोच चार आहे, आणि तो माझा नाही.