तिचं कोपर

"सौम्य आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

खटला जिंकलेला माणूस समोरच्या वकिलाकडे बघतो, तसं मी आमच्या हिच्याकडे बघितलं. गेलं वर्षभर हिने आणि लेकीने मिळून माझ्या नाकात दम आणला होता. म्हणे झोपेत माझा श्वास थांबतो. घोरता घोरता एकदम सगळं गप्प होतं आणि मग मी दचकून हवा ओढतो. मी म्हणायचो, घोरणं हा कधीपासून आजार झाला? माझा बाप घोरायचा, त्याचा बापही घोरायचा, आणि दोघं गेले ते भलत्याच कारणांनी. पण दोघी मायलेकी एक झाल्यावर माझं काय चालणार? शेवटी एका रात्रीपुरतं ते तपासणीचं यंत्र घरी आणलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी. आज त्याचा निकाल होता.

"या वयात इतपत बऱ्याच जणांना असतं," डॉक्टर म्हणाल्या. "दिवसा डुलक्या येत असतील तर रात्री मास्कचं मशीन लावू. नाहीतर नुसतं लक्ष ठेवू. निर्णय तुमचा. काय हो काकू, दिवसा पेंगतात का हे?"

ही गप्प. माझी गाऱ्हाणी सांगताना एरवी जिची जीभ टाळ्याला लागत नाही, ती मूग गिळून पर्सचा पट्टा चाचपत बसली होती.

"पेंगतोय कसला!" मीच म्हणालो. "फोटोफ्रेमचं दुकान आहे माझं, काच कापतो मी. पेंगलो असतो तर बोटं शाबूत राहिली असती का?"

दुपारी दुकानात खुर्चीवर माझी मान पडते, हे काही मी सांगितलं नाही. जेवल्यावर कोणाची पडत नाही? डॉक्टर हसल्या. ही हसली नाही.

आमच्या धंद्यात लाकडाच्या पट्ट्या आणि काच मी कापायची आणि तयार माल व्हॅनमधून हिने पोचवायचा, अशी पहिल्यापासूनची वाटणी. गाडी मला कधी जमलीच नाही, क्लचशी माझं हाडवैर. त्या दिवशीही दवाखान्यातून परस्पर एका हॉटेलात मोठा आरसा द्यायचा होता. तो मागे चादरींत गुंडाळून बांधला होता.

वाटेत माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "बघ, सुंठीवाचून खोकला गेला. ती सोंड तोंडाला लावून झोपायचं म्हणजे काय गंमत आहे? उद्या नातवंडं घाबरून पळाली असती. आणि तुम्हा दोघींना तर मी आधीच..."

ही काही बोलेना. मला वाटलं, हरली म्हणून फुगलीय. फुगू दे. आम्ही पुलावर चढलो. पुढे लोखंडी सळया भरलेला ट्रक होता, सळयांची टोकं हातभर बाहेर आलेली, त्यांना लाल फडकं बांधलेलं. ते फडकं मोठं मोठं व्हायला लागलं.

"अगं, जरा हळू," मी म्हणालो.

वेग तसाच. मी मान वळवली. हात चाकावर, पाठ ताठ, आणि डोळे मिटलेले.

"अगं!" मी असा ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तिने दचकून ब्रेक दाबला. गाडी तिरकी फिरली, मागून हॉर्नचा गदारोळ उठला आणि सळया माझ्या काचेसमोरून पुढे निघून गेल्या. मागे आरसा फुटला. जन्मभर काचेत काढलेल्या माणसाला तो आवाज कशाचा ते वळून बघावं लागत नाही. पण त्या क्षणी हजार आरसे फुटले असते तरी मला फिकीर नव्हती.

कशीबशी गाडी पुलाच्या कडेला लागली. मी हात लांब करून किल्ली काढली आणि खिशात घातली.

"झोप लागली," ती म्हणाली.

"भर सकाळी? गाडी चालवताना?"

"पहिल्यांदाच नाही लागली."

मला संताप आला. माझं असंच आहे, भीती वाटली की आधी राग येतो. "वेड लागलंय का तुला? रात्री काय करतेस मग?"

"तुम्हाला कोपर मारते."

"कोपर?"

"श्वास थांबला की मारते. मग तुम्ही कूस बदलता आणि श्वास घेता. जरा माझा डोळा लागतो तर पुन्हा थांबता. लेकीच्या लग्नाआधीपासून चाललंय हे. आधी कधीमधी असायचं, आता रात्रभर."

"आणि त्या तपासणीच्या रात्री?"

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "नाही मारायचं असं ठरवलं होतं हो मी. म्हटलं, आज त्या यंत्राला बघू दे. हात उशीखाली दाबून पडले. पण तुम्ही थांबलात. थांबलातच. मला नाही राहवलं. मग सकाळपर्यंत मारतच राहिले."

"मग आत्ता डॉक्टरांसमोर दातखीळ बसली होती का?"

"सांगितलं असतं तर त्यांनी परत तपासलं असतं. आणि मला खोलीबाहेर काढलं असतं."

वर्षभर हिच्या बोलण्याला मी भुणभुण म्हणत होतो. त्या सौम्य निकालावर आत्ताच मिशीला पीळ देऊन आलो होतो. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. तिच्या कोपरावर जगत होतो मी, आणि ती मरायला टेकली होती.

व्हॅन तिथेच सोडून आम्ही टॅक्सीने दवाखान्यात परत गेलो. सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे हा निकाल कुचकामी. तपासणी परत करावी लागेल. या वेळी काका एकटे झोपतील."

"नाही," ही म्हणाली. वर्षभर उपचार करा म्हणून जी माझ्या मागे लागली होती, तीच!

"काकू, इतकी वर्षं आहे हे. एका रात्रीने काही बिघडत नाही."

"इतकी वर्षं मी होते."

"ही लेकीकडे जाईल झोपायला," मी म्हणालो.

"तुम्ही कोण ठरवणार?"

"ज्याचा श्वास आहे तो!"

ते यंत्र आम्ही परत घरी आणलं. संध्याकाळी ती गेली, पण सुखासुखी नाही. डोळ्याला डोळा लावणार नाही, फोन हातात धरून बसेन, जाग आल्याबरोबर फोन करायचा, असं तीनतीनदा बजावून गेली. मी मोठ्या ऐटीत दार लावलं. मग पट्टा बांधला, नळी घातली, पडलो, आणि तोंडचं पाणी पळालं. आता मी थांबलो तर थांबलो. घरात दुसरं कोणी नव्हतं. झोप लागू नये म्हणून माझीच धडपड सुरू झाली, पण झोप माझं थोडीच ऐकते.

उजाडल्यावर डोळे उघडले तेव्हा डोकं ठणकत होतं आणि घसा कोरडा पडला होता. होतो मात्र. लगेच तिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नुसता वाजत राहिला. नाही नाही ते मनात यायला लागलं. इतक्या वर्षांच्या जागरणाने तिचंच काही... तिसऱ्यांदा लावला तेव्हा लेकीने उचलला.

"बाबा, हळू बोला," ती कुजबुजली. "आई झोपलीय. काल जेवतानाच डोळे मिटत होते तिचे. फोन हातात धरूनच आडवी झाली, तिने अजून कूससुद्धा बदलली नाहीये. तिला असं झोपलेलं मी कधी बघितलंच नाही हो. उठवू का? तुमचा फोन आला की उठवच म्हणाली होती."

"उठवू नकोस."

"रिपोर्ट कधी येणार?"

"कधी का येईना. आणि सौम्य आला तरी मी मशीन घेणार. आजच सांगून टाकतो. ते घरी येईपर्यंत आईला तिकडेच ठेव."

"पण तोवर तुम्ही रात्री एकटे?"

रात्री माझी काय गत झाली होती ते लेकीला सांगण्यात अर्थ नव्हता.

"झोपू दे तिला," मी म्हणालो आणि फोन ठेवला.