कोपराची जागा

“काकोसा, टेबलाच्या कडेचा हा खळगा पुट्टीने भरून टाका. एकाच बाजूला झिजलंय, खोटं वाटतं,” सुपरवायझर महिपाल म्हणाला.

“तेवढंच तर खरं आहे,” घेवररामकाका म्हणाले.

जोधपूरच्या आमच्या कारखान्यात नव्या लाकडाला म्हातारं करतात आणि जुनं हाती आलं तर त्यालाही तसंच नटवतात. निळा रंग द्यायचा, कडांना मेणबत्ती चोळायची, वर पांढरा मारायचा आणि घासायचं. मेणावरचा रंग निघून येतो. साखळीचे चार फटके दिले की टेबल शंभर वर्षांचं. बत्तीस वर्षं हेच करून घेवररामांचे खांदे मात्र खरोखरचे झिजले होते.

सकाळी भंगाराच्या टेम्पोतून उतरलेलं हे टेबल त्यांनीच लग्नाच्या वर्षी बायकोसाठी, धापूसाठी केलेलं. त्यावर तिचं शिवणाचं हातमशीन असे. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्याने कापड सरकवायचं. डावं कोपर टेकून टेकून कडेला खळगा पडला होता. ती गेली, सुनेला फ्रीजसाठी जागा हवी होती, आणि मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःच ते भंगारात घातलं. बघवत नव्हतं, असं मला म्हणाले होते.

“एका बाजूनं कुठं झिजतं का टेबल?” महिपालने मोबाइलवर परदेशी गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो दाखवला. “दोन्ही कडा सारख्या पाहिजेत.”

“एकच माणूस बसलं तर झिजतं.”

“हे गिऱ्हाइकाला सांगायला तुम्ही जाणार?”

घेवररामांनी पुट्टीचा डबा उघडला, खळग्यावरून अंगठा फिरवला आणि डबा परत बंद केला.

“भरत नाही. समोरच्या कडेला असाच दुसरा करतो. झालं ना सारखं?”

“संध्याकाळी माल निघायचाय हां!”

“मग बोलत काय उभा राहिलायस?”

गोल कानस घेऊन ते कड घासत बसले. मी घासायचं मशीन पुढे केलं, तर नको म्हणाले. दुपारचा चहा आला, तोही घेतला नाही; मी झाकून ठेवला. मध्येच म्हणाले, “रोज म्हणायची, दोन घडी समोर बसा, चहा तरी बसून प्या. मी उभ्यानंच पेला रिकामा करायचो. लोकांची टेबलं खोळंबलेली असायची ना.”

रंगाच्या आधी धापूच्या खळग्यात त्यांनी अख्खी मेणबत्ती चोळली. तिथे रंग टिकायलाच नको होता.

पंखे लावून रंग वाळवला, घासून झाला. महिपालने दोन्ही कडांवरून हात फिरवला. “वा, काकोसा! दोघं जन्मभर समोरासमोर बसलेत असं वाटतं.”

पॅकिंगची माणसं पुठ्ठे आणायला गेली होती. तेवढ्यात घेवररामांनी एक रिकामा डबा ओढला, नव्या खळग्याशी बसले आणि कोपर टेकलं. मग दुपारपासून झाकून ठेवलेला गार चहा माझ्याकडून मागून घेतला आणि समोरच्या खळग्याकडे बघत सावकाश, बसून प्यायले.