शेक

कुंताबाईनं नातीचं डायपर परत चिकटवलं आणि वरून दुपटं घट्ट गुंडाळलं. आत काय आहे ते तिला माहीत होतं. म्हणूनच ते पुन्हा पाहायचं नव्हतं.

सकाळी न्हाणीच्या अंधारात आंघोळ घालून तिनं रुपाला शेक दिला होता. घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे, वर चिमूटभर ओवा, आणि पाच महिन्यांचं लेकरू त्या धुरावर आडवं धरायचं. रुपाच्या बापाला, प्रफुल्ललाही तिनं असंच शेकून वाढवलं. आज आसगावात थंडी जास्त, म्हणून निखारेही जास्त घेतले. मग तेल लावायला उपडं केलं तर पोरीचं ढुंगण लालभडक. जांघेत कातडी सोलल्यासारखी. हात लावला तशी रुपा किंचाळली.

आपणच भाजलं लेकराला.

प्रफुल्ल मागेच बोलला होता, "आई, एखाद दिवशी जाळशील पोरीले." तेव्हा तिनं त्यालाच झापलं होतं. सोमवारपासून सून शालू पवनीला कापडाच्या दुकानात कामाला जाणार, रुपा आजीजवळ राहणार, असं ठरलं होतं. शालू आज पहाटेच शिवणकामाच्या परीक्षेला भंडाऱ्याला गेली, संध्याकाळच्या एसटीनं येणार. तिनं हे पाहिलं की पोरगी बपेऱ्याला, माहेरी नेऊन ठेवणार. मग नात दिसणार सणासुदीला.

म्हणून डायपर. एरवी त्याच्यावरून ती शालूला टोमणे मारायची, "लेकराले थैलीत भरून ठेवता का वो?" आज तीच थैली सकाळपासून बदलली नव्हती. बदलायची तर उघडावी लागली असती.

रुपा रडून थकली, झोपली, परत रडायला लागली. फाटक ढकलून शेजारची तुळसा आत आली.

"काहून रडून राहिली वो पोट्टी?"

"भूक लागली असन."

"आण इकडे. ओली असन, पाह्यतो."

"नाही ना. आत्ताच बदलवलं."

"मंग इतकी कायले दाबून धरली? मी का चोरून नेतो तुही नात?"

तुळसा हसली. कुंताबाईलाही हसावं लागलं. दुपट्यातली ओल तिच्या मांडीपर्यंत आली होती.

तुळसा गेली, आणि थोड्याच वेळात रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. शालू आली, हातपाय धुतले आणि आधी रुपाला उचललं.

"आई, ओलीचिंब हाये ना हे."

कुंताबाई दारातच उभी राहिली. शालूनं पोरीला खाटेवर ठेवलं, डायपर सोडलं.

"मी भाजलं तिले," ती म्हणाली. "शेक देत होती, विस्तव जास्त झाला. सकाळपासून झाकून ठेवलं मी. ने तू तिले बपेऱ्याले. मी काही म्हणत नाही."

शालूची पाठ तिच्याकडे होती. कोमट पाण्यात फडकं पिळून ती रुपाला हळूहळू पुसत राहिली. मग तिनं पर्स ओढली, आत हात घातला. हात बराच वेळ आतच राहिला.

शेवटी तिनं मलमाची ट्यूब काढून खाटेवर ठेवली. खालून गुंडाळत आणलेली. अर्धी संपलेली.

कुंताबाई ट्यूबकडे पाहत राहिली. गेल्या आठवड्यापासून शालू आंघोळीला पोरगी तिच्या हाती देत नव्हती. थंडी हाये आई, राहू द्या, मीच घालतो, म्हणायची.

"भाजलं नाही, डायपरनं सोललं हे. सांगतलं असतं तं बोलल्या असत्या तुम्ही," शालू म्हणाली. अजून पाठच होती.

रुपानं उघडे पाय हवेत उडवले.

कुंताबाई खाटेवर टेकली. जरा वेळानं तिनं तळहात पुढे केला.

"काढ एथे. मी लावतो."

शालूनं ट्यूब दाबली.

"सोमवारी कितीची गाडी हाये तुही?" कुंताबाईनं विचारलं.